मीटर बसवा, भोकं पाडू नका!

‘व्हिंटेज गाडीच्या डॅशबोर्डला हात लावायचा नाही,’ असं जुन्या गाड्यांचे भक्त म्हणतात. मला हे निम्मंच पटतं.

मॉरिस मायनरच्या (१९४८-७१) नंतरच्या गाड्या घ्या. मध्यभागी एक मोठा स्पीडोमीटर, त्यातच पेट्रोलचा काटा, बाकी सगळा दिव्यांचा कारभार. ऑइलचा दिवा लागतो तो प्रेशर जवळजवळ संपल्यावर! दिवा म्हणजे फायनलचा रिझल्ट, काटा म्हणजे युनिट टेस्ट. घसरण वेळीच कळली तर के.टी. टळते आणि बेअरिंगही वाचतात.

म्हणून तीन मीटर हवेतच: ऑइल प्रेशर, टेंपरेचर आणि व्होल्टमीटर. ॲमीटर दिसतो झकास, पण त्यातून चार्जिंगचा सगळा करंट जातो. जाड वायर डॅशबोर्डपर्यंत आणायची, आणि जोड सैल झाला की तापणार. व्होल्टमीटर पॅरललमध्ये बसतो, करंट नाममात्र घेतो. गाडी पळताना १४ व्होल्टच्या आसपास दिसले की चार्जिंग ठीक.

पण हे सगळं डॅशबोर्डच्या खाली, आधीच्याच स्क्रूंवर पट्टी लावून. ऑइल स्विचपाशी टी-जोड बसवा, म्हणजे मूळ दिवाही चालू राहील. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. त्यात चासी, बॉडी, इंजिन यांचा उल्लेख आहे, मीटरचा नाही. तरी भावना तीच!

पट्टी उद्या काढता येते. पाडलेलं भोक कोण बुजवणार?