हुंकाराची तपासणी

लावणीच्या दिवसांत खाचरात वाकलेल्या बाईला भोवळ आली, की भोंगवलीत काय किंवा भोर तालुक्यातल्या कुठल्याही गावात काय, निदान बांधावरच होतं. पित्त झालं, अशक्तपणा आला, बीपी असेल. मग सलाइन आणि चकरेच्या गोळ्या. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतंही. पण घर गरगर फिरतंय, उलट्या थांबत नाहीत आणि त्याच दिवसापासून एका कानानं ऐकू येत नाही, असं तिन्ही एकदम आलं तर ते पित्त नव्हे. आतल्या कानात संसर्ग शिरलेला असू शकतो. हा आजार क्वचित दिसतो, म्हणूनच तो नजरेतून निसटतो.

ऐकण्याची शंखाकृती नळी आणि तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या कवटीच्या हाडात एकमेकींना जोडलेल्या असतात. त्यामुळे सूज आली की दोन्ही कामं एकदम बिघडतात. कारण कधी विषाणू असतो. कधी नागीण असते. मग कानात पुरळ येतं, तोंडही वाकडं होतं. कधी वर्षानुवर्षं वाहणाऱ्या, हाड सडलेल्या कानातला पू आत उतरतो. त्या कानात घरोघरी लसणाचं तेल सोडलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

चक्कर दिसते, बहिरेपण दिसत नाही. रुग्णाला स्वतःलाही ते उशिरा कळतं. ते शोधायला यंत्र लागत नाही. रुग्णाला ओठ मिटून 'हूं' असा हुंकार धरायला सांगावं. दुखऱ्या कानात तो मोठा वाटला तर मळ किंवा मधल्या कानातला पू असण्याचा संभव. चांगल्या कानाकडे सरकला तर आतला कान किंवा त्याची नस गेली आहे, असं समजावं. शाळेत ध्वनीच्या धड्यात भेटलेला नादकाटा, 512 हर्ट्‌झचा, कपाळाच्या मध्यावर टेकवला की हेच जास्त खात्रीनं कळतं. तो भोंगवलीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात टेबलावर, स्टेथोस्कोपच्या शेजारी असावा. बधिरता नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 2007 साली सुरू झाला. गावपातळीवरच्या डॉक्टरांचं प्रशिक्षण हा त्याचाच भाग आहे.

घाई एवढ्यासाठी, की नसेचं बहिरेपण अचानक आलं तर स्टिरॉइड जितक्या लवकर, शक्यतो 2 आठवड्यांच्या आत, मिळेल तितकी आशा जास्त. पू आत शिरला असेल तर रुग्णालयात ठेवून शिरेतून प्रतिजैविकं द्यावी लागतात, पुढे बहुधा शस्त्रक्रियाही. चकरेच्या गोळ्या मात्र दोन-तीन दिवसांपुरत्याच. महिनाभर चालू ठेवल्या तर मेंदू नव्यानं तोल शिकतच नाही. बोलणं जड झालं, एकाचे दोन दिसू लागले किंवा आधाराशिवाय बसताच येईना, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. तिथं कानाचा विचार करत बसू नये, गाडी थेट पुण्याला काढावी. आणि मेंदूज्वरातून उठलेल्या मुलाची श्रवणचाचणी घरी सोडण्याआधीच व्हावी. त्या तापानंतर आतला शंख काही आठवड्यांतच हाडासारखा घट्ट होऊ शकतो, मग कॉक्लिअर इम्प्लांटची तारही आत सरकत नाही.

चक्कर आलेल्या घरी आशाताई पहिल्या पोहोचतात. बीपीचा पट्टा बांधता बांधता त्यांनी एवढंच विचारावं, "काकू, फोन रोज कुठल्या कानाला लावता? आज दुसऱ्याला लावून बघा बरं."