आठ तारा, एकच आवाज

आधुनिक मेटल गिटारवादनावर, त्यातही गायक नसलेल्या निव्वळ वाद्यांच्या मेटलवर, आपल्याकडे दोन आक्षेप ठरलेले आहेत. एक, ही मुलं बोटं फार पळवतात, पण यात गाणं कुठे आहे? दुसरा, हा आवाज आहे की खरखराट? हा वाद आता मुंबई-पुण्यापुरता राहण्याचं कारण नाही. बरी गिटार, मोबाइल आणि एक छोटं यंत्र एवढ्या भांडवलावर यवतमाळ-वर्धा रस्त्यावरच्या कळंबमध्ये बसलेला मुलगाही हे वादन शिकू शकतो. मग त्याला घरातून ऐकावे लागणारे आक्षेप तरी योग्य असावेत. मला हे दोन्ही आक्षेप चुकीच्या जागी बोट ठेवणारे वाटतात. या संगीतातली खरी उणीव वेगळीच आहे: त्यातले शेकडो वादक केवळ आवाजावरून एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत.

‘गाणं कुठे आहे’ हा प्रश्न मराठी कानाला साहजिकच सुचतो. नाट्यसंगीत आणि भावगीतांवर पोसलेला हा कान वाद्याकडूनही गाण्याचीच अपेक्षा करतो. प्रभाकर जोगांचं ‘गाणारं व्हायोलिन’ घरोघरी पोचलं ते या अपेक्षेला ते पुरेपूर उतरलं म्हणून. पण आपल्याच परंपरेत गायकी अंगाच्या शेजारी तंतकारी अंगही नांदतं. सतारीचा झाला ऐकताना त्यातले शब्द कोणते, असं कोणी विचारत नाही. चिकारीवरचा आघात, बोलांची मांडणी आणि चढत जाणारी लय हाच तिथे आशय असतो. मेटलमधला रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा छोटा ठाशीव तुकडा, याच जातीचा आहे. त्याचं निम्म्याहून अधिक काम उजव्या हातात असतं. तळहाताची कड तारांवर टेकवून नाद दाबायचा, आघात अगदी नेमका करायचा आणि दोन आघातांमधली शांतता तितकीच नेमकी कापायची. स्वीडनच्या मेशुगा या बँडने ही गोष्ट टोकाला नेली. त्यांच्याकडे गायक आहे, पण वादकांनी शिकून घेतलं ते गिटारकडून. झांज सरळ चारचा ठेका धरते आणि गिटार त्यावर विषम मात्रांचा तुकडा फिरवत राहते. दोघांचं वजन सरकत दूर जातं आणि ठरलेल्या जागी पुन्हा एकत्र येतं. तिहाई घेऊन समेवर येण्यातली गंमत ज्याला कळते, त्याला ही गंमत परकी वाटू नये. अमेरिकेच्या ॲनिमल्स ॲज लीडर्सने २००९ च्या पहिल्या अल्बमपासून गायक ठेवलाच नाही. त्यांचा टोसिन अबासी आठ तारांच्या गिटारवर अंगठ्याने दोन्ही बाजूंनी आघात करतो. तिथला वेग लयीच्या पोटातून येतो. नुसत्या वेगाचं प्रदर्शन करणारेही पुष्कळ आहेत, अर्ध्या मिनिटाच्या रीलवर तर त्यांचंच राज्य आहे. पण तयारी दाखवण्यासाठी ताना मारणारे गवई आपणही पाहिले आहेत आणि त्यांच्यावरून ख्यालाला कोणी नावं ठेवली नाहीत.

खरखरीचंही तसंच. डिस्टॉर्शन म्हणजे तारेच्या मूळ स्वराची लाट मुद्दाम चेपून तिच्यात वरचे उपस्वर भरणं. नाद त्यामुळे दाट होतो आणि लांबतो. शुद्ध, गुळगुळीत स्वर आपल्याला तरी कुठे पुरला? तंबोऱ्याची आणि सतारीची जवारी हाच उद्योग करते. घोडीचा माथा इतक्या बारकाईने घासायचा की तार त्याला ओझरती लागत राहावी आणि उपस्वर गुंजत राहावेत. मिरजेच्या कारागिरांची ख्याती याच हातावर आहे आणि तिथल्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. मिरवणुकीतला विजेवरचा बेंजो तर चांगलाच फाटक्या आवाजात वाजतो आणि लोक त्यावर खुशाल नाचतात. खालच्या स्वरांची हौसही नवी नाही. गिटारवादक टोनी आयोमीने १९६५ मध्ये बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात दोन बोटांची टोकं गमावली. मग बोटांवर ताण कमी यावा म्हणून त्याने तारा सैल केल्या आणि १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या अल्बममध्ये त्याच्या ब्लॅक सब्बाथ या बँडचा आवाज तीन अर्धस्वरांनी खाली उतरला. नेहमीच्या गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ८२ हर्ट्झला वाजते, तर आठ तारांच्या गिटारवर तो आकडा ४६ च्या आसपास येतो. रविशंकरांनी सतारीवर खर्जाच्या तारा सांभाळल्या, त्यामागेही याच खोलीची ओढ होती.

सतारीचा हा दाखलाच मला खऱ्या तक्रारीकडे नेतो. विलायत खाँनी त्या खर्जाच्या तारा काढून टाकल्या आणि जवारी बंद ठेवली. रविशंकरांची जवारी खुली. राग कोणता हे कळण्याआधी, पहिल्या दोन-तीन आघातांतच सतार कोणाची ते कळतं. आजच्या मेटलमधले दहा नवे वादक डोळे मिटून ऐका, नाव सांगता येत नाही. याची कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. व्हॉल्व्हच्या अवजड ॲम्प्लिफायरची जागा संगणकी नकलेने घेतली. फ्रॅक्टल ऑडिओ कंपनीचं ॲक्स-एफएक्स २००६ मध्ये आलं, मग जर्मनीचं केम्पर, मग प्लगिनांचा पूर. फिनलंडची न्यूरल डीएसपी ही कंपनी प्लिनी आणि अबासी या गिटारवादकांच्या नावाने सॉफ्टवेअर विकते. म्हणजे एकाने वर्षानुवर्षं घडवलेला आवाज दुसऱ्याला एका क्लिकवर तयार मिळतो. त्यावर नॉइज गेटची, म्हणजे हलका नाद आपोआप बंद करणाऱ्या सोयीची, कात्री चालते. रिफ तुकड्यातुकड्यांनी ध्वनिमुद्रित करून प्रत्येक आघात संगणकाच्या चौकटीत बसवला जातो, तोच रिफ पुन्हा वाजवून एक डाव्या आणि एक उजव्या कानाला दिला जातो. हाताचा ठसा उरणार कुठे?

यावर एक वजनदार प्रतिवाद आहे आणि तो टाळता येणार नाही. याच यंत्रांनी हे संगीत श्रीमंतांच्या स्टुडिओबाहेर काढलं. चांगला व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर लाखाच्या घरात जातो, तो हवा तसा बोलायला लागेपर्यंत शेजारी भांडायला येतात आणि तालुक्याच्या गावात तो दुरुस्त करणारा सापडायचा नाही. दिल्लीच्या केशव धरचं घरच्या घरी ध्वनिमुद्रणाचं काम पुढे स्कायहार्बर झालं. २०१२ च्या त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये मेगाडेथचा माजी गिटारवादक मार्टी फ्रीडमन पाहुणा म्हणून वाजवून गेला आणि मुंबईच्या भयानक मौत या बँडचा सुनीत रेवणकर त्यात गायला. गुवाहाटीच्या विशाल सिंगचं अमोघ सिम्फनी हे निव्वळ वाद्यांचं मेटल २००९ पासून श्रोत्यांपर्यंत पोचलं. हे सगळं मान्य. हेडफोन लावून रात्री रियाज करू देणारं यंत्र कळंबच्या मुलाला वरदानच आहे आणि ते वापरू नये असं म्हणणं हा निव्वळ दंभ ठरेल. पण यंत्र मिळालं म्हणून त्यातलं पहिलं सेटिंग आयुष्यभर वापरण्याची सक्ती नाही. ‘नाद बोटांत असतो, पेटीत नसतो’ असंही वादक म्हणतात. ते निम्मंच खरं आहे. गेन, म्हणजे डिस्टॉर्शनचा जोर, फार चढवला, की हलका आणि जोरकस आघात सारखाच ऐकू येतो, आणि मग बोटांत काय आहे ते श्रोत्यापर्यंत पोचतच नाही.

मुंबईत या घरबसल्या वादनाची उलट बाजू ऐकायला मिळते. १९८६ मध्ये सुरू झालेल्या इंडिपेंडन्स रॉक या महोत्सवाच्या जमान्यातले महेश टिनईकरांसारखे वादक, पुढे डेमोनिक रिझरेक्शन, भयानक मौत, झिग्नेमा यांच्यासारखे बँड यांची तालीम समोरच्या गर्दीने करून घेतली. गर्दीपुढे चूक झाली तर ती पुसता येत नाही. वॉरन मेंडोन्साचं ब्लॅकस्ट्रॅट ब्लूज तर मेटल नव्हेच, पण त्यातही गायकाची गरज क्वचितच पडते आणि एका लांबवलेल्या स्वरावरून वादक ओळखू येतो. वेगात तो अबासीच्या पासंगालाही पुरणार नाही, तरी आवाजाच्या बाबतीत मेटलवाल्यांनी शिकावं असं त्याच्याकडे पुष्कळ आहे.

म्हणून वाजवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे, की वेग खुशाल वाढवा, पण दुसऱ्याच्या नावाचं सेटिंग पुसून टाका, गेन निम्म्यावर आणा, आणि एक रिफ सुरुवातीपासून शेवटपर्यंत न कापता ध्वनिमुद्रित करा. ऐकणाऱ्यांनाही एक विनंती आहे. ‘नुसता गोंगाट’ असा निकाल देण्याआधी हे संगीत एकदा बऱ्या हेडफोनवर ऐका. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून आठव्या तारेचा मूळ खर्ज बाहेरच पडत नाही, नुसती वरची खरखर ऐकू येते.