आधी नियम, मग मोजणी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आम्ही तेव्हा दुसऱ्या एका शाळेत शिकवीत होतो आणि शालेय मंत्रिमंडळाच्या निवडणुकीचे काम आमच्याकडे सोपविलेले होते. दहावीच्या तीन तुकड्या, प्रत्येकीत चाळीस विद्यार्थी. मुख्यमंत्रिपदासाठी एक मुलगा आणि एक मुलगी असे दोन उमेदवार उभे होते. सूचनाफलकावर आम्ही एवढेच लिहिले होते की, प्रत्येक तुकडीस चार प्रतिनिधी-मते राहतील व एकूण बारांपैकी ज्यास अधिक मिळतील तो निवडून येईल. ही चार मते उमेदवारांत कशी वाटावयाची, हे लिहावयास आम्ही विसरलो.

मतपत्रिका उघडल्या. 'अ' तुकडीत मुलास २२ व मुलीस १८ मते पडली. 'ब' तुकडीतही तसेच, २२ आणि १८. 'क' तुकडीत मात्र मुलास अवघी ६ व मुलीस ३४. आम्ही फारसा विचार न करता, ज्या तुकडीत जो पुढे त्यास तिची चारही मते देऊन टाकली. मुलास ८ आणि मुलीस ४ झाली. मुलगा विजयी ठरला. टाळ्या झाल्या, पेढे वाटले गेले.

शाळा सुटल्यावर ती मुलगी एकटीच शिक्षकांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. "सर, एकशेवीस मुलांपैकी सत्तर जणांनी मला मत दिलं. मग मी हरले कशी?" आम्ही तिला नियम समजावून सांगू लागलो. तिने शांतपणे सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "पण हा नियम तुम्ही आधी का नाही सांगितला?"

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. आजचा हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर होय.

प्रथम गणित पाहू. प्रत्येक तुकडीची चार मते त्या तुकडीतील मतांच्या प्रमाणात वाटली असती, तर दहा विद्यार्थ्यांमागे एक असा हिशेब पडला असता. 'अ' मध्ये दोन-दोन, 'ब' मध्ये दोन-दोन आणि 'क' मध्ये मुलास एक व मुलीस तीन. बेरीज मुलास ५ व मुलीस ७. मतपत्रिका त्याच, विद्यार्थीही तेच. परंतु एका रीतीने मुलगा निवडून येतो आणि दुसरीने मुलगी. यांतील कोणतीही रीत मुळात खोटी नाही. 'जो पुढे त्याचे सर्व' ही रीत निकाल चटकन लावते; प्रमाणाची रीत थोड्यांच्या मतालाही किंमत देते. चूक होती ती एवढीच की, कोणती रीत घ्यावयाची हे आम्ही मतपत्रिका उघडल्यानंतर ठरविले.

हे मुलांच्या खेळातले गणित आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार कोण, हे प्रत्येक पक्षाच्या अधिवेशनात प्रतिनिधींच्या मतांनी ठरते, आणि ते प्रतिनिधी कोणाच्या बाजूचे असावेत याचा कौल त्याआधी राज्याराज्यांतून घेतला जातो. रिपब्लिकन पक्षात काही राज्ये पुढे असलेल्या उमेदवारास आपले सर्व प्रतिनिधी देतात, आम्ही त्या दिवशी केले तसेच. डेमोक्रॅटिक पक्ष प्रतिनिधी प्रमाणात वाटतो. मात्र १५ टक्क्यांहून कमी मते मिळविणाऱ्यास काहीच देत नाही. आमच्या 'क' तुकडीतील ६ मते म्हणजे चाळिसांचे नेमके १५ टक्के. त्या नियमाखाली एक मत कमी पडते, तर मुलाच्या पदरी तेथे शून्य आले असते.

१९७६ साली कॅन्सस सिटी येथील रिपब्लिकन अधिवेशनात विजयासाठी ११३० प्रतिनिधी हवे होते. जेराल्ड फोर्ड यांस ११८७ मिळाले व रोनाल्ड रेगन यांस १०७०. अठ्ठावन्न प्रतिनिधी फिरते, तर फोर्ड यांचे बहुमत नाहीसे झाले असते. २००८ साली बराक ओबामा व हिलरी क्लिंटन यांच्या चुरशीत तर नियमांवरच वाद माजला. फ्लोरिडा व मिशिगन या राज्यांनी पक्षाने घालून दिलेल्या तारखेपूर्वीच मतदान उरकले. पक्षाने प्रथम त्यांचे प्रतिनिधी रद्द केले, ३१ मे रोजी त्यांस प्रत्येकी अर्धे मत दिले आणि शेवटी अधिवेशनात पुन्हा पूर्ण मत बहाल केले. एवढे होऊनही ऑगस्टमध्ये डेन्व्हर येथे स्वतः हिलरी क्लिंटन यांनीच पुढे होऊन, ओबामा यांची निवड एकमुखाने जाहीर करावी अशी सूचना मांडली. वाद मिटला तो त्या सूचनेने.

परंतु अमेरिकेपर्यंत जाण्याचेही कारण नाही. आमच्या पर्वत पाटियाहून तापीकाठच्या जुन्या सुरतेत जावयास फारसा वेळ लागत नाही, आणि याच सुरतेत १९०७ च्या डिसेंबरात राष्ट्रसभेचे अधिवेशन अध्यक्षाच्या निवडीवरूनच मोडले. ते अधिवेशन वास्तविक नागपुरास भरावयाचे होते. नागपुरात टिळकांच्या पक्षाचा जोर होता, म्हणून ते सुरतेस हलविले गेले. शिवाय ज्या प्रांतात अधिवेशन, त्या प्रांतातील नेत्यास अध्यक्ष न करण्याचा प्रघात होता. सुरत मुंबई इलाख्यात असल्याने टिळकांचे नाव पुढे येण्याची वाट आपोआप बंद झाली. गणित येथेच सुरू झाले होते: जागा बदलली की बेरीज बदलते.

मवाळांनी डॉ. राशबिहारी घोष यांस अध्यक्ष ठरविले होते. जहालांना लाला लजपतराय हवे होते. लालाजींनी स्वतःच माघार घेतली. आदल्या वर्षी कलकत्त्यास झालेले स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार व राष्ट्रीय शिक्षण यांचे ठराव सौम्य केले जातील, अशी जहालांस धास्ती होती. मंडपात सोळाशेंहून अधिक प्रतिनिधी होते. परंतु त्या काळी कोणत्या प्रांताने किती प्रतिनिधी पाठवावेत याला मर्यादा नव्हती आणि अध्यक्षपदासाठी खरीखुरी लढत झालीच, तर मते कशी मोजावीत याचा सर्वमान्य नियम नव्हता. २६ डिसेंबरला गोंधळ होऊन बैठक तहकूब झाली. दुसऱ्या दिवशी टिळक उपसूचना मांडण्यासाठी व्यासपीठावर गेले. त्यांस बोलू देण्यात येईना व ते खाली उतरेनात. इतक्यात एक जोडा भिरभिरत आला आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी व फिरोजशहा मेहता यांस लागला. खुर्च्या उडाल्या, पोलिसांनी मंडप रिकामा केला. दोष कोणाचा, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आमच्या मते मूळ दोष नियमाच्या अभावाचा होता. मोजण्याची रीतच ठरलेली नसल्यावर आवाज आणि हात यांचीच मोजणी होते. दुरावलेले दोन पक्ष पुन्हा एकत्र यावयास १९१६ चे लखनौ उजाडावे लागले.

या गोष्टीपासून राष्ट्रसभा शिकली. १९२० साली, ज्या नागपुराने एकदा अधिवेशन गमावले होते त्याच नागपुरात, नवी घटना झाली. भाषावार प्रांत पाडले गेले आणि पन्नास हजार लोकवस्तीमागे एक प्रतिनिधी असे प्रमाण ठरले. आता जागा बदलून बेरीज बदलणार नव्हती.

तरीही मोजणी म्हणजे सर्वस्व नव्हे, हेही आमच्याच जिल्ह्यातून निघालेल्या एका कथेने दाखविले. पर्वत पाटियाहून पूर्वेस कडोदऱ्यावरून बारडोलीस वाट जाते. त्याच बारडोली तालुक्यातील हरिपुरा येथे १९३८ च्या फेब्रुवारीत राष्ट्रसभेचे ५१ वे अधिवेशन भरले व सुभाषचंद्र बोस अध्यक्ष म्हणून ५१ बैलांच्या रथातून मिरविले गेले. त्या वर्षी लढत नव्हती. पुढल्या वर्षी झाली. मौलाना आझादांनी नाव मागे घेतल्यावर सुभाषबाबूंच्या समोर डॉ. पट्टाभि सीतारामय्या उभे राहिले. २९ जानेवारी १९३९ रोजी मतदान होऊन सुभाषबाबूंस १५८० व पट्टाभींस १३७७ मते पडली. नियम होता, मोजणी चोख होती, २०३ मतांचे अधिक्यही स्पष्ट होते. परंतु गांधीजींनी पट्टाभींचा पराभव हा आपलाच पराभव मानला, आणि मार्चमध्ये त्रिपुरीस असा ठराव मंजूर झाला की, कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमली जावी. जिंकलेल्या अध्यक्षास आपले सहकारी निवडण्याची मोकळीक उरली नाही. एप्रिल संपण्यापूर्वीच सुभाषबाबूंनी राजीनामा दिला.

पुढे १९५० साली तिरंगी लढतीत पुरुषोत्तमदास टंडन यांस १३०६, आचार्य कृपलानी यांस १०९२ व आपल्या शंकरराव देवांस २०२ मते मिळाली. एकूण २६०० मतांच्या निम्म्याहून टंडन यांस अवघी सहा अधिक होती. नाशिकचे अधिवेशन त्यांच्या अध्यक्षतेखाली पार पडले. परंतु पंडित नेहरूंशी मतभेद होऊन वर्षभरात त्यांसही पद सोडावे लागले. मते पद देतात. सहकार्य मात्र हरलेल्या बाजूने मनापासून द्यावे लागते.

ते दिले गेल्याचे एक उदाहरण आमच्या घरातले आहे. आमची मायबोली कोकणी; शाळेतली भाषा मराठी आणि आता बाजारातली गुजराती. गोमंतकाने महाराष्ट्रात विलीन व्हावे की नाही, यावर आमच्या वडीलधाऱ्यांच्या घरी वाद होत. १९६३ च्या निवडणुकीत विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला होता. केवळ लोकप्रतिनिधींचे बहुमत धरले असते, तर प्रश्न तेथेच संपता. परंतु तो जनतेसच विचारावा असे ठरले, आणि कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून दयानंद बांदोडकरांचे मंत्रिमंडळ आधी पायउतार झाले. १६ जानेवारी १९६७ रोजी विलीनीकरणास १,३८,१७० व वेगळे राहण्यास १,७२,१९१ मते पडली. ३४,०२१ मतांनी प्रश्न सुटला. बांदोडकरांनी तो कौल मानला, आणि त्याच वर्षी त्याच जनतेने त्यांस पुन्हा निवडून दिले. विलीनीकरण कोणास हवे होते, कोणास नको होते. तो वाद येथे आमचा नाही. नियम आधी ठरला आणि हरलेल्याने तो पाळला, म्हणून त्या घराघरांतले संबंध टिकले, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

कित्येक पालक आम्हांस म्हणतात, "मुलांना हव्यात कशाला निवडणुका? उगाच तट पडतात. शिक्षकांनी नाव सांगावे, म्हणजे झाले." त्यांची काळजी आम्हांस कळते. पण तट निवडणुकीने पडत नाहीत. ऐन वेळी बदललेल्या नियमाने पडतात. ज्या मुलाने वयाच्या पंधराव्या वर्षी न्यायाने हरण्याचा अनुभव घेतला नाही, तो पुढे गृहनिर्माण संस्थेत, कामगार संघात वा नगरपालिकेत हरला, तर खुर्ची उचलण्याखेरीज त्यास दुसरे काय सुचणार?

म्हणून विद्यार्थी मित्रहो, तुमच्या वर्गाचा प्रतिनिधी असो वा गणेशोत्सवाचा कार्यवाह, तीन गोष्टी धरून चाला. कोणास किती मते व ती कशी वाटावयाची, हे मतदानापूर्वी फळ्यावर लिहा आणि दोन्ही उमेदवारांच्या सह्या घ्या. मोजणी सर्वांच्या देखत करा. आणि निकालानंतर पहिले दोन शब्द हरलेल्याने बोलावेत.

त्या मुलीने दुसऱ्या दिवशी तेच केले. प्रार्थनेनंतर ती पुढे आली, मुलाचे अभिनंदन केले आणि खाली उतरली. निवडणूक आम्ही चुकविली होती; सावरली तिने. तेव्हापासून आम्ही मतपेटी मांडण्यापूर्वी हातात खडू घेतो.