‘कुंकू’ पुन्हा एकदा बघा!

जुना मराठी सिनेमा म्हटलं, की बाईनं सोसायचं आणि आपण पदरानं डोळे पुसायचे, असा आपला पक्का समज! १९९१च्या ‘माहेरची साडी’नं तर सोसणारी सून घराघरांत पोचवली. पण त्याच्या ५४ वर्षं आधीच्या ‘कुंकू’तली नीरा आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे?

ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी १९३७ साली ‘प्रभात’साठी हा सिनेमा केला. पोरक्या नीराचं लग्न फसवून म्हाताऱ्या वकिलाशी, काकासाहेबांशी लावलं जातं. पण ती नशिबाला बोल लावत बसत नाही. हा नवरा मला मान्य नाही म्हणते, आणि तशीच वागते. अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला छडीनं बडवून काढते. शांता आपटेंच्या डोळ्यांतली ती धग आजच्या सासू-सून मालिकांत शोधून सापडायची नाही.

नीराची बाजू घेते ती काकासाहेबांचीच मुलगी, सुशीला. ही भूमिका केली शकुंतला परांजपे यांनी. संततिनियमनाचं काम त्यांनी प्रत्यक्षातही वर्षानुवर्षं केलं. म्हणजे पडद्यावरची ही बाई पडद्याबाहेरही बायकांच्याच बाजूची होती!

तरीही शेवट मला खटकतो. काकासाहेबांना पश्चात्ताप होतो, ते जीव देतात आणि नीरा मोकळी होते. म्हणजे सुटका झाली ती नवऱ्याच्या मोठेपणामुळे, तिच्या हक्कामुळे नव्हे. अर्थात, मुंबई इलाख्यात हिंदू घटस्फोटाचा कायदा आला १९४७मध्ये आणि देशभर १९५५मध्ये. कष्टकरी समाजांत काडीमोड होतीच, पांढरपेशा घरातल्या नीराला मात्र तो रस्ता नव्हता. नवरा मेल्याशिवाय बाईला सुटका नाही, हे त्या काळाचं दुखणं सिनेमानं नकळत दाखवून दिलं.

आज रस्ता आहे. २००६च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार अठराच्या आत लग्न झालेली मुलगी वयाची वीस वर्षं पूर्ण होईपर्यंत कोर्टात जाऊन ते लग्न रद्द करून घेऊ शकते. पण वस्तीत कामाला गेलं की कळतं, पोरींना हे कुणी सांगितलेलंच नसतं. ‘स्थळ चांगलं आहे, वय काय बघायचं?’ हे मात्र सगळ्यांनाच तोंडपाठ.

म्हणून मैत्रिणींनो, एक सुचवते. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकचे डबे लुटण्याऐवजी मंडळात ‘कुंकू’ दाखवा. लेकीसुनांना सोबत आणा, सासूबाईंनाही आणा. नंतर चहा घेताघेता एकच प्रश्न विचारा : नीरा आपल्या घरात जन्मली असती, तर आपण तिच्या बाजूनं उभ्या राहिलो असतो का? उत्तर द्यायला जरा वेळ लागेल. लागू द्या.