अर्धविराम कुठे द्यावा?

एका भगिनीने पत्रातून विचारले आहे: मुलीने कॉलेजात पुन्हा प्रवेश मिळावा म्हणून इंग्रजीत अर्ज लिहिला. दाखवायला नेला, तर एका वाक्याखाली लाल रेघ आली. शब्द बरोबर आहेत, मग चुकले काय? वाक्य असे आहे: "माय फादर फेल इल, आय लेफ्ट कॉलेज."

शब्द बरोबर आहेत, काळही बरोबर आहे. चुकला आहे तो मधला स्वल्पविराम. मराठीत "वडील आजारी पडले, मी कॉलेज सोडले" असे लिहिले तर कोणी हरकत घेत नाही. उर्दूतही असे सहज चालते. मुले तीच सवय इंग्रजीत नेतात. इंग्रजीत मात्र दोन पूर्ण वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडणे चूक मानतात. तिला 'कॉमा स्प्लाइस' असे नावच आहे. अर्ज वाचणाऱ्याला मुलीच्या घरची परिस्थिती माहीत नसते. त्याच्यासमोर फक्त कागद असतो. म्हणून एवढेसे चिन्हही नीट शिकून घ्यावे.

हे वाक्य तीन तऱ्हांनी दुरुस्त होते. पहिली, पूर्णविराम: "माय फादर फेल इल. आय लेफ्ट कॉलेज." व्याकरण बरोबर, पण दोन गोष्टी सुट्या वाटतात. दुसरी, जोडशब्द: "माय फादर फेल इल, सो आय लेफ्ट कॉलेज." येथे स्वल्पविराम चालतो, कारण जोडण्याचे काम 'सो' करतो. तिसरी, अर्धविराम: "माय फादर फेल इल; आय लेफ्ट कॉलेज." दोन्ही वाक्ये स्वतंत्र राहतात आणि एकमेकांशी नाते असल्याचेही कळते.

आपल्याला हे चिन्ह परके नाही. मराठीत त्याला अर्धविराम म्हणतात. उर्दूत स्वल्पविराम म्हणजे 'सकता', अर्धविराम म्हणजे 'वक्फा' आणि पूर्णविराम म्हणजे 'खत्मा'. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, म्हणून तिथे हे चिन्ह उलटे दिसते. छपाईत ते पंधराव्या शतकाच्या अखेरीस इटलीतल्या व्हेनिस शहरी, आल्डस मनुशियस या मुद्रकाच्या छापखान्यातून आले. मराठीत विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर थॉमस कँडी यांना देतात.

कुठे थांबावे याची शिस्त तर आपल्या घरात लहानपणापासून शिकवली जाते. मुसहफात बारीक अक्षरे असतात: 'मीम' असेल तर थांबायचेच, 'जीम' असेल तर थांबले तरी चालते, 'ला' असेल तर थांबायचे नाही. वक्फ आणि वक्फा हे शब्द एकाच धातूचे. चुकीच्या जागी थांबले तर अर्थ बिघडतो, हे ज्या मुलाला ठाऊक आहे त्याला अर्धविराम समजावणे अवघड नाही.

आता नियम. अम्मी-अब्बूंना इंग्रजी फारसे येत नसले तरी पहिली कसोटी घरी घेता येते. मुलाला सांगा, अर्धविरामाच्या जागी पूर्णविराम आहे असे समजून दोन्ही भाग वेगवेगळे वाच आणि प्रत्येकाचा अर्थ सांग. दोन्ही भाग आपापल्या पायावर उभे राहिले तर अर्धविराम चालेल. एक जरी लंगडा निघाला तर नाही. अर्धविरामानंतर पहिले अक्षर लहानच लिहायचे. विशेषनाम आणि 'आय' एवढे अपवाद.

दुसरा नियम 'हाउएव्हर', 'देअरफोर' यांसारख्या शब्दांचा. ते दोन पूर्ण वाक्यांच्या मध्ये आले तर त्यांच्या आधी अर्धविराम आणि नंतर स्वल्पविराम: "शी पास्ड द एक्झाम; हाउएव्हर, शी डिड नॉट गेट अ सीट." 'अँड', 'बट', 'सो' यांच्या आधी मात्र साधारणपणे स्वल्पविरामच पुरतो.

तिसरा नियम यादीचा. यादीतल्या नावांतच स्वल्पविराम असतील तर गट वेगळे करायला अर्धविराम लागतो: "वी हॅव रिलेटिव्हज इन महाड, रायगड; चिपळूण, रत्नागिरी; अँड मिरज, सांगली." सगळीकडे स्वल्पविराम दिले तर तीन गावांचे नातेवाईक सहा ठिकाणी विखुरलेले वाटतील.

आणखी दोन गोष्टी. 'डिअर सर' नंतर अर्धविराम देऊ नये, स्वल्पविराम द्यावा. "आय नीड थ्री थिंग्ज" असे म्हणून पुढे त्या तीन वस्तू सांगायच्या असतील तर अपूर्णविराम, म्हणजे कोलन द्यावा. आणि नवे चिन्ह शिकले म्हणून ओळीओळीत पेरू नये. एका पानाच्या अर्जात एखादा अर्धविराम पुष्कळ झाला.

या महिन्याचा गृहपाठ. मुलांना ही वाक्ये दुरुस्त करायला सांगा:

१. "इट रेन्ड ऑल नाइट, द स्कूल वॉज क्लोज्ड."
२. "ॲज द बस वॉज लेट; वी वॉक्ड."
३. "आय लाइक टी; बट माय सिस्टर लाइक्स मिल्क."

उत्तरे: पहिल्यात अर्धविराम हवा, कारण दोन्ही भाग पूर्ण आहेत. दुसऱ्यात स्वल्पविराम हवा. 'ॲज' मुळे पहिला भाग एकटा उभा राहत नाही. तिसऱ्यातही स्वल्पविराम, कारण जोडायला 'बट' आहे. मुलाने नुसते उत्तर दिले तर थांबू नका. कारण विचारा. कारण सांगता आले की नियम समजला.