रजेचा तह

अंक छपाईला जायला चार दिवस उरले होते. रात्रीचे साडेदहा. अक्षरजुळणी करणारा आमचा पोरगा संगणकापुढं बसलेला, बाजूला न उघडलेला डबा आणि डोळ्यांत टाकायच्या थेंबांची बाटली. “आज थोडा उशीर होईन बाबू, पाच-सहा पानं काढून टाकू,” मी म्हणालो. तो म्हणाला, “जमते सर.” दीड वाजता कुलूप लावताना बोलण्या-बोलण्यात कळलं, की सकाळी सहाच्या यष्टीनं त्याला आईला घेऊन अमरावतीला जायचं होतं, डोळा दाखवायला.

“मंग काहून नाई सांगतलं?”

“तुमी इचारलं कुठी सर? सांगतलं.”

हसतच म्हणाला. मला मात्र घरी जाऊन झोप लागली नाही. ती पाच-सहा पानं याच अंकाच्या विशेष विभागाची होती, आणि विभागाचा विषय होता कामाच्या ठिकाणचा ताण!

आमच्या गावाचं नाव इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीपुरतं येतं. अडगावची लढाई हरली, गाविलगड पडला आणि ३० डिसेंबर १८०३ ला दौलतराव शिंद्यांचा इंग्रजांशी तह झाला, तो सुर्जी अंजनगावचा. तह म्हटलं की दोघं समोरासमोर बसून देवाणघेवाण करताहेत असं वाटतं. पण किल्ला गेल्यावर बसणाऱ्याला ‘मान्य’ म्हणण्यापलीकडं फारसं काही उरत नाही. आपल्या कचेऱ्यांतलं, दुकानांतलं ‘जमते सर’ बरेचदा याच जातीचं असतं.

ताण हा साहेब लोकांचा आजार, अशी आपली जुनी समजूत. शिपायाला कसलं टेन्शन, पाचला घंटा वाजली की मोकळा. लंडनमध्ये १९६७ पासून सुमारे अठरा हजार पुरुष सरकारी नोकरांची तब्येत वर्षानुवर्षं तपासली गेली, ‘व्हाइटहॉल’ अभ्यास म्हणून तो प्रसिद्ध आहे. त्यात उलटंच निघालं. सगळ्यात खालच्या श्रेणीतल्या, म्हणजे शिपाई-द्वारपालांच्या मृत्यूचं प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या जवळजवळ तिप्पट होतं. विडी-सिगरेट, रक्तदाब यांचा हिशेब लावूनही सगळा फरक भरून निघेना. पुढच्या अभ्यासांत एक धागा हाती लागला: आपलं काम कसं, कधी करायचं यावर ज्याचा ताबा नाही, त्याच्या हृदयावर ते जास्त पडतं. ओझं साहेबाच्या डोक्यावरही असतं, पण ते कधी खाली ठेवायचं हे त्याला ठरवता येतं.

नारायण मेघाजी लोखंड्यांना हे अभ्यासाविनाच कळलं होतं. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी मागितलं काय, तर आठवड्याला एक सुटी आणि दुपारी अर्धा तास. रविवार पदरात पडायला १० जून १८९० उजाडला. सहा वर्षं! आज त्याच रविवारी सकाळी कार्यालयाच्या व्हाट्सअॅप गटावर ‘अर्जंट’ येतं आणि आपण निमूट अंगठा दाखवतो.

नव्या काळातलं एक उदाहरण मला फार आवडतं. पोलिसांची ड्यूटी बारा-बारा तासांची, बंदोबस्त लागला की त्याहून मोठी. २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळ्यांचा प्रयोग झाला. त्याची आखणी कुठल्या सल्लागार कंपनीनं केली नव्हती. आहे त्याच मनुष्यबळात हे बसतं, हे कागदावर मांडून दाखवलं ते एका साध्या पोलिसानं. आणि आयुक्तांनी ते ऐकलं. मला यातलं दुसरं वाक्य जास्त दुर्मीळ वाटतं.

कारण न ऐकण्याची गोष्ट आमच्या डोळ्यांसमोरच्या डोंगरात घडली आहे. मेळघाटातल्या हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी २५ मार्च २०२१ ला आपलं आयुष्य संपवलं. मागं ठेवलेल्या पत्रात वरिष्ठाकडून होणाऱ्या छळाचे, गरोदरपणात जंगलात पायी फिरवल्याचे आरोप होते. वर तक्रार करूनही दाद लागली नाही, असंही होतं. कोर्टाच्या गोष्टी कोर्टात. पण जंगलातल्या धटिंगणांना न घाबरणारी अशी जिची ख्याती, त्या बाईला आपल्याच खात्यात ऐकणारा कान मिळू नये? अशा ठिकाणी प्राणायामाचं शिबिर घेऊन काय होणार? (शिबिराला माझा विरोध नाही. फक्त ते रविवारी ठेवतात.) मन फारच कोंडलं तर १४४१६ हा ‘टेली-मानस’चा फुकट क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलतात. जवळ लिहून ठेवा.

आमच्या बाजारपेठेत तर बहुतेक ठिकाणी दोन-चारच माणसं कामाला. राज्याचा २०१७ चा दुकाने-आस्थापना कायदा झाला, तेव्हाच दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानांना त्यातल्या बहुतेक तरतुदींतून वगळलं गेलं. म्हणजे कापडाच्या दुकानातली पोरगी दिवाळीच्या आठवड्यात किती तास उभी राहील, हे शेठजीच्या स्वभावावर. आणि छापखान्यातला पोरगा कितीला घरी जाईल, हे माझ्या.

या अंकात यष्टीचे वाहक, आशाताई, जिनिंगमधले हमाल, बँकेतली रोखपाल यांनी स्वतः लिहिलं आहे. भाषा आम्ही फारशी इस्त्री केलेली नाही.

हे संपादकीयही त्याच पोरानं जुळवलं. त्याचं बोलणं यात आहे, म्हणून या खेपेला आधी विचारलं, “छापू का? नाई म्हटलं तरी चालते.” त्यानं सगळं वाचलं, थोडा वेळ पडद्याकडं पाहत बसला.

“छापा. पन दीड नाई सर, पावणेतीन वाजले होते.”

— संपादक