कबरीतून चोरलेलं वाचन

डिसेंबर १९७५मध्ये चीनच्या हुबेई प्रांतात शुइहूदी इथे एक कबर उघडली. आत शी नावाचा एक कनिष्ठ सरकारी अधिकारी चिरनिद्रा घेत होता. त्याच्या डोक्याशी, पोटावर, पायांजवळ बांबूच्या हजाराहून अधिक कामट्या होत्या आणि त्यांवर शाईने लिहिलेले छिन राजवटीचे कायदे. कोठारातलं धान्य कुजलं तर अधिकाऱ्याला दंड किती, हे त्यात आहे. मारहाण न करता खरं काढून घेणं ही तपासाची उत्तम रीत, असंही त्यात बजावलं आहे. त्याच दफनभूमीतल्या दुसऱ्या कबरीत दोन सैनिक भावांची लाकडी पाट्यांवरची पत्रं निघाली. आईची खुशाली विचारून ते पैसे आणि कापड मागतात!

हे कायदे कोण हाताळत होतं, पत्रं कुणाच्या घरी जपली गेली, याचा माग लागला तो कबरी जागच्या जागी सापडल्या म्हणून.

याउलट, बेजिंगच्या त्सिंगह्वा विद्यापीठाला २००८ साली एका माजी विद्यार्थ्याने सुमारे २५०० कामट्या भेट दिल्या. काळ साधारण इ.स.पू. ३०५. मजकूर अनमोल, पण त्या कुठल्या कबरीतल्या, हे कुणालाच ठाऊक नाही. चोरांनी त्या उपसून बाजारात विकल्या होत्या. कामट्या दोऱ्याने ओवून त्यांची गुंडाळी करत. दोरा कुजला की कामट्या विस्कटतात. कुठली कामटी कुठलीला लागून पडली होती, ही नोंद असली तर क्रम लावायला आधार मिळतो. चोराच्या पोत्यात ती नोंद कुठून येणार? शिवाय अशा बाजारात बनावट कामट्याही खपतात.

त्या विद्यार्थ्याने या कामट्या विकत घेतल्या नसत्या तर त्या कदाचित नष्टच झाल्या असत्या, हा युक्तिवाद खोटा नाही. पण मिळालेली प्रत्येक किंमत पुढच्या चोराच्या हाती कुदळ देते.

चांग्शाजवळच्या झिदान्कू इथल्या एका कबरीतली रेशमी हस्तलिखितं १९४२ साली अशीच चोरीला गेली आणि १९४६ साली अमेरिकेत पोहोचली. १९७३ साली पुरातत्त्वज्ञांनी तीच कबर पुन्हा खणली, तेव्हा चोरांच्या नजरेतून सुटलेलं, ड्रॅगनवर स्वार झालेल्या पुरुषाचं रेशमी चित्र मिळालं. मे २०२५मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयाने या हस्तलिखितांचे दोन भाग चीनला परत केले. मुख्य पट मात्र अजून अमेरिकेतच आहे. तोही परत गेला पाहिजे.